तुम्ही तसले बाहेरचे नाही

आज मला चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जावं लागलं. या राष्ट्रीय शोकाची दखल कुणीही घेतली नाही.

कारण कोलकात्यात, बेहाला भागातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली वीस वर्षं इस्त्री करणारे बिहारचे रामजी सकाळी टेबल आवरून बसले होते. त्यांना हटवण्याचा अर्ज शेजारच्या घोषदांनी फिरवलाय. घोषदांचा मुलगा तीन वर्षं नोकरीसाठी खेटे घालतोय.

"आमची पोरं घरी बसलीत आणि बाहेरच्यांना जिन्याखालीसुद्धा जागा!"

"मग मुलगा इस्त्री करणार का, घोषदा?"

ते हसले नाहीत. "सही करा. तुम्ही तसले बाहेरचे नाही हो, तुम्ही ऑफिसर!"

"उद्या बघू," म्हणालो. माझा शूरपणा तेवढाच.

मंडळी, बदली होऊन इथे येण्यापूर्वी पुण्यात आमच्या बिहारी वॉचमनला मीच म्हणालो होतो, "तू त्यांच्यातला नाहीस." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. आज तेच कौतुक माझ्या वाट्याला आलं. यांच्या पुढच्या अर्जात कुणाचं नाव असेल?

बायको आजारी असताना रामजींनी डबाभर खिचडी दिली होती. तो डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून घरातच राहिला होता. आत्ता त्यात चिवडा भरला आणि घोषदांच्या देखत खाली नेऊन दिला.