न वाचता केलेल्या सह्या

सुमनचा, माझ्या धाकट्या जावेचा, फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होते. "बाई, हे गेले. जेवून लवंडले ते उठलेच नाही," ती म्हणाली. शालिकभाऊजी, माझे धाकटे दीर, तुमसरला धान्यबाजारामागे शेअरच्या खरेदी-विक्रीचं छोटं ऑफिस चालवायचे. रडू आलंच; पण खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं. एके काळी फोन वाजला की दचकणारा हा माणूस झोपेत, निवांत गेला... एवढं त्याला मिळालं.

त्या निवांतपणाची गोष्ट माझ्या मूर्खपणापासून सुरू होते. करडी गावच्या शाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते. फंडाची रक्कम, म्हणजे म्हातारपणाची सगळी पुंजी, बँकेत आणि हवा डोक्यात. वायद्याच्या सौद्यात थोडे पैसे ठेवून कितीतरी पटीचा व्यवहार करता येतो, असं राईस मिलच्या मुनीमजींकडून ऐकलं नि मी भाऊजींच्या ऑफिसात हजर. फॉर्मवर पेन्सिलीच्या फुल्या होत्या तिथे तिथे दोन मिनिटांत सह्या ठोकल्या. तीस वर्षं पोरांना 'आधी प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा' म्हणून दटावणारी बाई ती मीच. भाऊजींनी फॉर्म पालथा घातला.

"वयनी, पहिल्या पानावर काय लिवलं आहे, सांगा बरं. सरकारी नियम आहे, विचारा लागते."

"माही तोंडी परीक्षा घेता का? पैसा माहा, बुडवीन तर मी बुडवीन. सरकारले काहून पोटदुखी?"

"तुमचा बुडवा ना, कोण अडवते? पण याच्यात ठेवला त्याच्याहून जास्त जाते. मंग घर विका लागते. समजून सही करा, एवढाच नियम आहे. वाचून या, लगेच पाठवतो."

मी कशाला वाचते! सरकारनं शहाण्या माणसांचं लेकरू करून टाकलं, असं व्याख्यान मी लग्नाच्या पंगतीतही झोडत होते. फॉर्म त्यांच्या ड्रॉवरमध्ये, माझा रुसवा माझ्या गालात. आणि मग बाजार कोसळला. माझी पुंजी बँकेत जशीच्या तशी. पेढे घेऊन, हार मानायला म्हणून, तुमसरला गेले, तर भाऊजी खुर्चीत अंग मिटून बसलेले. स्वतः त्याच सौद्यांत होते. रस्त्यालगतचा प्लॉट गेला होता.

"भाऊजी, तुमी तरी वाचलं होतं का?"

त्यांनी पेढ्यांचा डबा माझ्याकडे परत सरकवला. "नाही वयनी. मले वाटे, मले येते."

पुढची कित्येक वर्षं त्यांनी देणं फेडलं. वायद्याला पुन्हा हात लावला नाही. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मला फोन करून म्हणाले, "आता फोन वाजू द्या कितीबी."

माणसाला आपल्या पैशाचा मालक राहू द्यावं, असं मला अजूनही वाटतं. पण तो मालक मीच असले तर... दाराशी एक शालिकभाऊजी हवेत.

तेरवीनंतर सुमननं त्यांच्या ऑफिसातला ड्रॉवर उघडला. माझा फॉर्म तसाच, सह्यांसकट. त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले.

आतल्या खोलीतून सुमन म्हणाली, "काय वाचून राहिल्या, बाई?"

"गृहपाठ," म्हटलं. "दोघांचाही राहिला होता."