प्रशिक्षकांची दोन वाक्यं

शनिवारी संध्याकाळी सात वाजता क्लबचं प्रसिद्धिपत्रक आलं. मुख्य प्रशिक्षकांना पदमुक्त केलं आहे, त्यांची जागा सहायक प्रशिक्षक घेतील, रविवारी दुपारी बारापूर्वी प्रसिद्ध करू नये. मुंबईचा व्यावसायिक फुटबॉल संघ, सलग पाच सामने हरलेला. अशा बातम्या मी आधीही लिहिल्या होत्या. फरक एवढाच, की हे प्रशिक्षक वसईच्या होळी गावात राहत होते, माझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर.

अशा वेळी बातमी आधी लिहून ठेवायची आणि संबंधिताची दोन वाक्यं बारा वाजायच्या आत घ्यायची, ही आमच्या क्रीडाविभागाची पद्धत. संबंधिताला कळवलेलं असतं, हे आम्ही गृहीत धरतो.

रविवारी सकाळी नऊला मी त्यांच्या घरी पोचलो. ते ओटीवर फोनवर बोलत होते. वहिनी वाडीतल्या पालकाच्या जुड्या बांधत होत्या.

"लेफ्ट बॅकला वर सोडू नकोस. एकदा गेला की परत येत नाही, आमच्या मेव्हण्यासारखा."

"माझ्या भावाशिवाय तुमचा बॉल हलत नाही का हो?" वहिनी म्हणाल्या.

त्यांनी हसत फोन ठेवला. "असिस्टंट होता. उद्याची टीम विचारत होता. ये रे पेपरवाल्या. हरलो की बरोबर सापडतं तुला आमचं घर."

"सर, कालच्या निर्णयावर दोन वाक्यं हवी होती."

"कसला निर्णय?"

मला वाटलं, ते चेष्टा करतायत. मी मोबाइलवरचं पत्रक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं. मग बोटांनी अक्षरं मोठी करून पुन्हा वाचलं. वहिनींच्या हातातली जुडी अर्धवट राहिली.

ज्याची नोकरी गेली, त्याला ती गेल्याचं मीच सांगत होतो.

"हे तुला कधी आलं?"

"काल सातला."

"काल जेवताना मी हिला सांगत होतो, सोमवारची मॅच काढली की सगळं ठीक होईल. तेव्हा तुला माहीत होतं."

मी हो म्हणालो. सहायकाला ते माहीत होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

"अहो, कुणाला तरी विचारा ना," वहिनी म्हणाल्या. सरांनी क्लबच्या व्यवस्थापकाला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा रिंग पूर्ण वाजली.

"घे लिहून," ते मला म्हणाले. "मला हे माझ्या ओटीवर पेपरवाल्याने सांगितलं. हे एक. क्लबमधलं कुणी अजून फोन उचलत नाही. हे दुसरं."

मी दोन्ही वाक्यं उतरवली, त्यांना वाचून दाखवली आणि ऑफिसला पाठवली. डेस्कवरून उत्तर आलं, बातमीदाराने स्वतः बातमीत यायचं नसतं. मी वाद घातला नाही.

सोमवारच्या अंकात माझ्या नावाने आलेल्या बातमीची शेवटची ओळ होती, 'प्रशिक्षकांशी संपर्क होऊ शकला नाही.'