संध्याकाळी येणारी डॉक्टरीणबाई

“पोचलं म्हनजे झालं काय?” कोपरापर्यंतचा हातमोजा ओढून काढत आमच्या गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या. पोराला पुण्यात कॉलेज मिळालं म्हणून तुम्ही पेढा घेऊन गेलात, तरी हेच. पेढा मात्र खायच्या.

धामणगाव बढ्यात माझं दूध संकलन. गावाची निम्मी कुरकूर बाईंबद्दल असायची. गाय सकाळी हंबरली की मालक धावत जाणार, आणि बाई थंडपणे सांगणार, “संध्याकाळी येते.” खोटं कशाला बोलू, मलाही राग यायचा.

शेजारच्या वच्छलाकाकूंची गाय दर वेळी बीज घालून भरवली की उलटायची, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायची. काकांनी सांगून टाकलं होतं, यंदा उलटली की बाजारात. काकूंनी तिला कालवडीपासून हाताने चारलेलं. पण घरचा नेम कडक. दिवे लागले की दूध उंबऱ्याबाहेर जात नाही, चांगलं काम होत नाही. म्हणून गाय कायम सकाळीच, मिळेल त्या माणसाकडून भरवून घेतलेली.

त्या सकाळी गाय माजावर आली आणि काकूंनी मला बाईंकडे पिटाळलं. बाई आल्या, गाय तपासली, आणि गोठ्यातल्या दगडावर बसल्या.

“काकू, बीज आत गेलं म्हनून लगेच कामाचं नसते. गायीच्या पोटात काही तास राह्यलं, तिच्या अंगातल्या रसानं त्याच्यावरचं आवरण उतरलं, की मंग अंड्यात शिरायची ताकद येते त्याले. अंडं सुटते उद्या. आज सकाळीच घातलं त तवर थकून मरते ते. गोठवलेलं बीज, टिकत नाही.”

काका म्हणाले, “म्हनजे नराले बी मादीच तयार करते?”

“हाव. पोचलं म्हनजे झालं काय?”

काकू पदराआड हसल्या. काकांना काही पटलं नाही. त्यांनी बीज घालणाऱ्या दुसऱ्या माणसाला फोन करून ठेवलाच होता. तो मोटरसायकलवरून आला, बाईंना दगडावर बसलेलं पाहिलं आणि तसाच परत गेला. बाई मधे दवाखान्यात चक्कर टाकून आल्या, काकूंची भाकर-ठेचा खाल्ला आणि पुन्हा त्याच दगडावर. दिवस कलल्यावर उठल्या. त्यांचं काम होईपर्यंत काकू काड्यापेटी हातात धरून देवासमोर उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या घरात दिवा उशिरा लागला.

पुढच्या पाळीला गाय उलटली नाही. पण पोट तपासायच्या आधीच बाईंची डोणगावला बदली झाली. जाताना कुणी हार घातला नाही, मीही नाही. गेल्यावर मात्र गाव मला ओकंबोकं वाटायला लागलं. तुम्हालाही असं कुणाबद्दल झालं असेल.

गाय व्याली, कालवड झाली. माझ्या लेकीचं सासर डोणगावला, म्हणून मी संध्याकाळच्या गाडीने निघालो होतो. काकूंच्या देवाजवळ दिवा लागलेला होता. त्या खरवसाचा डबा घेऊन धावत उंबऱ्याबाहेर आल्या.

मी म्हटलं, “काकू, दिवे लागले.”

“लागले त लागू दे,” त्या म्हणाल्या. “बाईले नेऊन दे.”