उभ्या काड्यांची अँटेना

आमचा मामा टीव्हीच्या अँटेना बसवायचा आणि बढाया मारायचा. दुसरं काम जास्त जोरात चालायचं. छपरावर चढला की सगळ्या गल्लीला ऐकवणार, "माझ्यासारखा कारागीर दुसरा दाखवा!" आई कपाळावर हात मारून घ्यायची. मामा गेला, छपरंही बोडकी झाली. काय दिवस होते हो ते!

तेव्हा ताई बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून डोंगरापलीकडच्या शहरात गेली होती. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. तिथल्या टीव्ही केंद्रावर ती सातच्या बातम्या वाचते असं कळलं, आणि आईच्या जिवाची घालमेल सुरू झाली. लेक सगळ्या जगाला दिसते, आईलाच नाही! आमच्या टीव्हीवर त्याच चॅनलला आमच्या गावचं केंद्र यायचं. मागे एक सावली हलायची, बस्स.

"अक्के, रडतेस काय?" मामा म्हणाला. "दोन केंद्रं एकाच चॅनलवर बोलतायत. आपल्याच्या लाटा आडव्या येतात, त्यांच्या उभ्या. म्हणून इथे सगळ्यांच्या अँटेनाच्या काड्या आडव्या. आपल्या उभ्या केल्या की आपलं केंद्र गळून जाईल, पोरगी तेवढी उरेल."

तो वर पाना फिरवतोय, आम्ही खालून "आलं, गेलं, आलं!" ओरडतोय. आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून ताई आली! जरा वाळली होती. आई काचेला हात लावून बसली. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

पुढे रोज तेच. सात वाजले की बाबांचा पेपर वर. मग मोठी मॅच आली, ती दिसणार आमच्या केंद्रावर, आणि बाबा पक्के मॅचवेडे. आईच घाबरून मामाला म्हणाली, "आजच्यापुरत्या आडव्या कर रे. उगाच भडका नको."

मामा शिडीवर चढला आणि बाबा तरातरा अंगणात आले.

"ए शहाण्या, उतर खाली!"

"अहो भाऊजी, मॅच..."

"खड्ड्यात गेली मॅच! सात वाजत आले. माझी पोरगी येईल आता."

आई पायरीवरच बसून रडायला लागली. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या. बाबांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. आत जाऊन स्वतः टीव्ही लावला, बातम्या संपेपर्यंत समोर बसून राहिले आणि मग आईला म्हणाले, "तिचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?"