उणे एक अंशाचं दूध

मंगळवारी सकाळी शिराळ्याकडच्या आमच्या गावात, दूध संस्थेसमोरच्या गटारातून दूध वाहत होतं. सगळ्या गावाचं आदल्या संध्याकाळचं दूध... टाकीतच नासलेलं. टँकरवाल्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि पाइपसुद्धा न जोडता निघून गेला.

मी तसा रागावणारा माणूस नाही. सकाळी पायरीवर बसून चौथी-पाचवीच्या कविता मनातल्या मनात म्हणायच्या, एखादी ओळ निसटली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं... एवढाच माझा उद्योग. पण त्या दिवशी डोकं असं तापलं की अजून निवलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

दूध नासलं म्हटल्यावर चेअरमननी पहिली हाक मारली ती शोभाला. शोभा दूध मोजून घेते, टाकी धुते, संध्याकाळी कुलूप लावते. नवरा गेल्यापासून तिचं घर याच कामावर चाललंय.

"टाकी नीट धुतली न्हाईस, दुसरं काय!" असं चारचौघांत म्हणून त्यांनी तिच्याकडून किल्ली काढून घेतली. "उद्यापासनं येऊ नगंस." ती आपली "धुतली हुती आवं, देवाशप्पथ..." म्हणत राहिली. ऐकतंय कोण!

कारण चेअरमनच्या मोबाइलवर पुरावा होता. रात्रभर मेसेज येत राहिले होते... "दूध थंड आहे. तापमान उणे एक." म्हणजे मशीन बरोबर आणि बाई चूक!

मी चष्मा लावून मेसेज वाचला आणि म्हणालो, "चेअरमन, उणे एकला दूध नसतं, कुल्फी असते."

"आवं नाना, तुमच्याच जावयानं बसवलंय की ते!" म्हणाले. मागे दोघंतिघं हसले.

ते खरं होतं. आमचे जावई पुण्यात प्रोग्रॅमर आहेत. गेल्या दिवाळीत त्यांनीच हौसेनं टाकीच्या खोलीत एक छोटा कॉम्प्युटर बसवून दिला होता. तो दुधाचं तापमान बघतो, त्याप्रमाणे थंड करायचं मशीन चालू-बंद करतो आणि चेअरमनना मेसेज टाकतो. नागपंचमीला लेक माहेरी आलेली, त्यामुळे जावईही घरातच होते. मी तसाच तरातरा घरी गेलो.

त्यांनी लॅपटॉप उघडला. थोड्या वेळानं चेहरा पडला. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती. तापमान वाचता आलं नाही की तो प्रोग्रॅम उत्तर म्हणून 'उणे एक' परत देतो. त्याचा अर्थ एवढाच, की मला वाचता येत नाहीये. ते उत्तर आलं तर थांबायचं, ही तपासणी पुढच्या ओळीत लिहायची असते.

"ती लिहायची राहिली, मामा," जावई म्हणाले. म्हणून पुढच्या ओळीनं ते खरंखुरं तापमान मानलं. दूध फारच गार झालं, आता गोठेल... म्हणून मशीनच बंद करून टाकलं! आणि मेसेज मात्र रात्रभर चालू.

मग माझा तोल गेला. आमच्या शाळेत कविता म्हणताना ओळ अडली तर "येत नाही, गुरुजी" म्हणायची सोय होती. छडी बसायची, पण गुरुजींना कळायचं तरी. इथे त्या बिचाऱ्या वायरनं "येत नाही" म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं... आणि ऐकणाऱ्यानं "येत नाही" हीच कविता समजून पैकीच्या पैकी मार्क दिले! वर छडी कुणाला, तर शोभाला!

हे सगळं मी जावयाला, ओट्यावर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. आमच्याकडे जावयाला कुणी चूक म्हणत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर स्वयंपाकाचा दोष, जावई पडला तर दगडाचा दोष. सौ. आतून डोळे मोठे करत होत्या, चुलीवरची पुरणाची दिंडं तशीच. मी थांबलो नाही.

जावयांनी लॅपटॉप मिटला. चपला घातल्या. "मामा, चला."

संस्थेत अजून गर्दी होती. शोभा कट्ट्याशी तशीच उभी होती. जावयांनी सगळ्यांसमोर सांगितलं की टाकी स्वच्छ होती, दूध माझ्या चुकीनं नासलं.

आणि चेअरमन काय म्हणाले असतील? "आवं जावईबापू, आसू द्या, आसू द्या! मशीन हाय, व्हायचंच की. च्या सांगा रं पावण्यांस्नी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सोपं होतं तर मग सकाळी...

पण या वेळी जावईच बोलले. "चहा नको. मला जे 'असू द्या' म्हणालात ना, ते सकाळी यांना म्हणायला हवं होतं. किल्ली द्या त्यांची. आणि काय ते त्यांच्याशी बोला."

चेअरमननी खिसा चाचपला, किल्ली काढली, खाली बघतच पुढे केली. "शोभा... आमचं जरा चुकलंच."

अशा वेळी बायामाणसांनी "न्हाई न्हाई, आसं कसं" म्हणायचं असतं. सगळे त्याचीच वाट बघत होते.

शोभानं किल्ली घेतली. "व्हय, चुकलंच," म्हणाली, आणि टाकी धुवायला आत गेली.

जावईबापू, तेवढं ऐकायला मिळालं, ते तुम्ही चपला घातल्यात म्हणून. राग अजून पुरता गेलेला नाही... पण आभार.