अभ्यासातून बाहेर गेलेले

माझी नणंद इब्तिहाल शोधनिबंध आपल्याच क्रमाने वाचते. निष्कर्ष नंतर, आधी माणसं किती घेतली, किती गळाली, पैसा कुणाचा होता. करक शहरातल्या एका दवाखान्यात ती आहारतज्ज्ञ आहे. साखरेच्या रुग्णांना काय सांगायचं, हे डॉक्टर तिला विचारून ठरवतात. घरात मात्र थट्टाच. "हिला ताट वाढलं तर आधी विचारेल, हे आणखी कुणी खाल्लं आणि त्यांचं काय झालं," असं माझे सासरे म्हणायचे.

सासरे गेल्या रमजानमध्ये गेले. इब्तिहाल रडली नाही. कामाला जाते, येते, भांडी घासते. विचारलं तर म्हणते, "बरी आहे, वहिनी."

यंदा रमजान तोंडावर आला तेव्हा सासूबाईंनी जेवताना विषय काढला. त्यांनाही सासऱ्यांसारखीच साखर आहे. आमच्याच भागातला एक नवा अभ्यास आला होता: गोळ्या घेणाऱ्यांनी महिनाभर रोजे धरले, कुणाला काही झालं नाही. शेजारणीने तो त्यांच्या कानावर घातला होता.

"मी धरणार," त्या म्हणाल्या. "तुझा बाप रोज्यात गेला, आणि मी चहा ढोसत बसू?"

"यम्मा," इब्तिहाल आईला म्हणाली, "आधी मला वाचू दे."

"वाच. तुझं वाचून होईपर्यंत ईद येईल."

स्वयंपाकघरात बसून तिने वाचलं. मी शेजारी मसूर निवडत होते. बऱ्याच वेळाने तिने कागद माझ्याकडे सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं. ज्यांचे सगळे रोजे पुरे झाले, त्यांचीच मोजणी केली होती. बाकीचे 'वैयक्तिक कारणाने अभ्यासातून बाहेर गेले', एवढंच.

"बाबा ह्यात आहेत," ती म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही.

सासरे त्याच अभ्यासासाठी रक्त द्यायला जायचे. एका दुपारी साखर उतरून ते घामाने भिजून आपल्या दुकानात कोसळले. सासूबाईंनी त्यांच्या ओठांत साखरेचं पाणी घातलं. आम्ही दोघी मागाहून पोहोचलो; दोन घोट घेतले, एवढंच त्यांनी सांगितलं. संध्याकाळी ते गेले. गल्लीला सासूबाईंनी सांगितलं, रोज्यात गेले. अभ्यासवाल्यांचा फोन आला तेव्हा "आता यायचे नाहीत" म्हणून ठेवून दिला. मोडलेला रोजा आमच्यात कुणी बोलून दाखवत नाही, गेलेल्या माणसाचा तर नाहीच.

इब्तिहाल सासूबाईंपुढे जाऊन बसली. "यम्मा, त्या पाण्याचं अभ्यासवाल्यांना कळवावं लागेल."

"बापाचा रोजा कागदावर मोडतेस?"

"नाव नसतं त्यात. कारण असतं. आपल्यासारखी आणखी घरं गप्प बसली असतील. ज्यांना काही झालं ते मोजलेच नाहीत, म्हणून कुणाला काही झालं नाही."

"आजाऱ्याला अल्लाहनेच सूट दिलीय," मी म्हटलं.

"तुला कुणी विचारलं?"

सासूबाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"दोन घोट घेतले म्हणून सांगितलं मी तुम्हाला," शेवटी त्या म्हणाल्या. "अख्खा पेला प्यायले. आणखी मागत होते."

इब्तिहालने फोन घेतला आणि तेवढंच कळवलं.

रमजानच्या पहिल्या सकाळी सासूबाईंनी दाराकडे पाठ करून चहा घेतला. संध्याकाळी अजान व्हायच्या आधी मसुराचं सूप आणि रोटी झाकून गल्लीच्या टोकाच्या आंधळ्या अबू रजाकडे धाडली. न धरलेल्या रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. इब्तिहालने पातेलं घासून पालथं घातलं.