जाफराबादचा पुडीवाला

जाफराबादच्या एसटी स्टँडबाहेर बाजारच्या दिवशी तो चादर अंथरून बसे आणि सांधेदुखीवर पांढरी पुडी विके. "बिलकुल जडीबुटी हाय," असं म्हणताना तो गिऱ्हाइकाकडे कधी बघत नसे. पुड्यांना दोरा गुंडाळत राही. त्या पुडीने आईच्या बोटांची सूज उतरली. ती पुन्हा भाकरी थापू लागली, आणि तिचा चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. मला ते गोलपण खटकलं.

एकदा मी त्याला म्हणालो, "आजपासून आईची पुडी बंद."

त्याचा हात थांबला. त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "एकदम बंद नका करू, गुरुजी. माय हातची जाईल. आधी अर्धी, मंग पाव."

"जडीबुटीला एवढं भ्यायचं कशाला?"

तो पुन्हा पुडीला दोरा गुंडाळू लागला.

मी आईला जालन्याला डॉक्टरांकडे नेलं. पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटलेल्या असाव्यात, चेहरा त्यानेच सुजला, आणि असं औषध एकदम सोडलं तर जीवावर बेततं, असं ते म्हणाले. त्यांनीही औषध हळूहळूच कमी केलं, दर खेपेला तिला तपासून. आई पुढे बरीच वर्षं जगली, परवा गेली. तेव्हापासून तो माणूस आठवतो. त्याला न सांगताच ज्यांनी पुडी सोडली असेल, त्यांचं काय झालं असेल?